मालक कोण ते ठरवणारी सून

रूपाली लग्न होऊन आमच्या सायखेड्यात आली, तेव्हा सुरुवातीचे काही महिने लोक तिला पाहून वाट बदलायचे. सून विमा कंपनीचं काम करते एवढीच बातमी फुटली होती, आणि विमा कंपनीचं काम म्हणजे पॉलिसी गळ्यात मारणं, यापलीकडे गावाची अक्कल धावली नाही. हळदीकुंकवाला गेली की बायका आपणहून सांगायच्या, आमच्या घरात सगळ्यांच्या पॉलिसी काढून झाल्यात बरं का. ती पॉलिसी विकत नाही, हिशेब तपासते, हे सांगून सांगून मी थकलो आणि शेवटी नाद सोडला. मी जन्मभर ग्रामसेवकाची नोकरी केली आहे. ज्यांना समजून घ्यायचंच नाही अशांशी बोलण्याची मला सवय आहे.

रूपाली मूळची सटाण्याची. वडिलांची कांद्याची आडत. ती सीए झाली आणि नाशिकच्या एका ऑफिसात लागली. तिथे बसून ही मंडळी अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे हिशेब पाहतात. आठवड्यातले काही दिवस ती नाशिकला जाते, बाकीचे दिवस आमच्या ओसरीवरच्या टेबलाशी बसते. माझा मुलगा सोमनाथ विंचूरला कारखान्यात असतो, त्यामुळे दिवसभर तिच्या कामाचा साक्षीदार मी. बोलते शुद्ध पुस्तकी, पण पित्त खवळलं की अहिराणी बाहेर पडते. ती अहिराणीत बोलली की तो विषय संपला, हे आम्ही घरात सगळे ओळखून आहोत.

तिचं नेमकं काम काय, हे मी एकदा हट्टाने समजून घेतलं. लोक हप्ते भरतात, तो पैसा विमा कंपनीला कुठे ना कुठे गुंतवावा लागतो. मग ती निरनिराळ्या फंडांत पैसे घालते. एखादा फंड भाड्याची घरं बांधतो, एखादा कर्जं विकत घेतो. यातल्या काही संस्था अशा असतात की त्यांचं स्वतःचं भांडवल नावापुरतं, आणि कागदावरचा हिस्सा पाहून त्या कुणाच्या ते कळतच नाही. त्यांना व्हेरिएबल इंटरेस्ट एंटिटी असं भारदस्त नाव आहे. अशा वेळी हिस्सा किती हे बाजूला ठेवायचं आणि दोन गोष्टी विचारायच्या. महत्त्वाचे निर्णय कुणाच्या हातात? आणि बुडालं किंवा तरलं तर मोठी झळ किंवा मोठा लाभ कुणाला? दोन्हींचं उत्तर एकच आलं, तर त्याने ती अख्खी संस्था आपल्या हिशेबात घ्यायची, तिच्या मालमत्तेसकट आणि कर्जासकट. नाहीतर फक्त आपली गुंतवणूक दाखवायची, आणि जास्तीत जास्त किती बुडू शकतं ते सांगायचं.

मी म्हणालो, हे तर आमचं सरपंचपतीचं प्रकरण झालं. फलकावर बाईचं नाव, खुर्चीत नवरा. मला वाटलं, सून खूश होईल. ती म्हणाली, "अर्धंच बरोबर, अण्णा. अधिकार नवरा चालवतो, पण चौकशी लागली की नोटीस बाईला येते. सत्ता एकीकडे, झळ दुसरीकडे. आमच्या नियमात तो नवरा मालक ठरणार नाही." इतकी वर्षं मी त्या नवऱ्यांना चहा पाजला, पण हा दुसरा अर्धा भाग मला कुणी दाखवला नव्हता. तेव्हापासून मी तिच्यापुढे जरा जपून बोलतो.

गेल्या वर्षी मात्र तिच्यावर कठीण प्रसंग आला. भाड्याची घरं बांधणारा एक फंड होता. त्यातली मोठी झळ विमा कंपनीलाच बसणार होती, पण फंडाचे निर्णय घेणाऱ्या व्यवस्थापकाला काढायचं तर सगळ्या गुंतवणूकदारांनी मिळून ठरवावं लागे. सत्ता वाटलेली, म्हणून तो फंड बरीच वर्षं हिशेबाबाहेर होता, आणि ते योग्यच होतं. त्या तिमाहीत दुसरे बरेचसे गुंतवणूकदार बाहेर पडले, करार बदलला, आणि व्यवस्थापकाला कधीही, कारण न देता, एकटी विमा कंपनी काढू शकेल असं झालं. ते रूपालीच्या लक्षात आलं. सत्ता आणि झळ आता एकाच दारात होती. फंड आत घ्यायला हवा होता.

तिचा पुण्यातला वरिष्ठ सार्थक. मुलगा वाईट नाही, पण सावध. त्याचं म्हणणं, व्यवस्थापकाला काढायचा हक्क मिळाला असेल, पण कंपनीने तो वापरलाय कुठे? व्यवस्थापक आपला तिथेच आहे. वर्षअखेरीपर्यंत थांबू, उगाच मोठी कर्जं हिशेबात आणून अमेरिकेत धावपळ कशाला? त्याच महिन्यात नाशिकच्या टीमची प्रमुख कोण, हे ठरणार होतं आणि रूपालीचं नाव पुढे होतं. सार्थकने तिला आडून सुचवलं की ह्या घडीला वाद नको. तिने लावून धरलं आणि अमेरिकेने झिडकारलं, तर ते पद गेलं, आणि तिच्या शब्दाचं वजनही गेलं.

त्या रात्री दोन घास खाऊन ती ताटावरून उठायला लागली, तेव्हा माझ्या बायकोने, गोजराबाईने, तिला हाताला धरून खाली बसवलं आणि काय झालं ते सगळं काढून घेतलं. फंड, करार यातलं तिला किती समजलं देव जाणे. पण न वापरलेला हक्क म्हणजे हक्कच नाही, हे सार्थकचं म्हणणं ऐकून ती चिडली. म्हणाली, "आपल्या संतोषला मी कधी कामावरून काढला नाय. पण काढू शकते, हे त्याला माहिती हाय. म्हणून तर बांधावर कुणी नसलं तरी पाणी येळेवर भरतो."

संतोष आमच्या शेतावरचा गडी. शेतीचा कारभारी मी आहे असा माझा तोपर्यंत समज होता. पण ती वेळ वाद घालण्याची नव्हती, म्हणून मी आमटी वाढून घेतली.

रूपाली ताट पुढे ओढून म्हणाली, "जे शे ते शे." म्हणजे, जे आहे ते आहे. मग पोटभर जेवली.

अमेरिकेचा कॉल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता. गोजराबाईने कुकरची शिट्टी नको म्हणून गॅस बंद केला, मी ओट्यावर जाऊन बसलो. तिथून ओसरीवरचं सगळं ऐकू येत होतं. सार्थकची एक गोष्ट मी मानली. माझं मत वेगळं आहे, पण हे काम रूपालीचं आहे, तिलाच ऐका, असं त्याने सुरुवातीलाच सांगितलं. मग ती बोलली. माझं इंग्रजी सरकारी परिपत्रकाच्या पुढचं नाही, तरी तिचा आवाज कुठे अडखळला नाही एवढं कळत होतं. पलीकडच्या बाईंनी तोच प्रश्न विचारला, हक्क वापरलाय का? रूपाली म्हणाली, वापरला नाही, पण तो वापरण्यापासून कंपनीला कुणीही अडवू शकत नाही, आणि हे व्यवस्थापकालाही माहीत आहे. कळवतो म्हणाले. मी अजून ओट्यावरच बसून होतो, आणि ही बया आत जाऊन शांतपणे कुकर लावायला लागली.

नंतरचे दिवस वाईट गेले. ती नेहमीसारखी वागत होती, मीच उगाच ओसरीवर घुटमळत होतो. उत्तर आलं तेव्हा ती नाशिकला होती. घरी आली, स्कूटर लावली आणि दारातूनच म्हणाली, मान्य केलं. ह्याच तिमाहीपासून फंड आत. पुढे टीमची प्रमुखही तीच झाली, सार्थकनेच तिचं नाव लावून धरलं म्हणे. पण ते नंतर. त्या संध्याकाळी मी फक्त तिने दाखवलेला आकडा पाहिला. कंपनीची एकूण मालमत्ता केवढी तरी फुगली होती. मी हरखून विचारलं, म्हणजे तुझ्यामुळे कंपनी एवढी श्रीमंत झाली?

"नाही अण्णा," ती हेल्मेट ठेवत म्हणाली, "मालमत्तेबरोबर फंडाची कर्जंही आत आली, आणि उरलेल्या गुंतवणूकदारांचा वाटा वेगळा काढला. कंपनी होती तेवढीच आहे. फक्त आता आहे तशी दिसते."

कुठल्या तरी परक्या देशात, जिथे तिला कुणी ओळखत नाही, तिथली एवढी मोठी कंपनी माझ्या सुनेच्या शब्दावरून जगाला आहे तशी दिसायला लागली. मला तिचा अभिमान वाटला, आणि तो मी तिला तिथेच, दारात उभा राहून सांगितला.