निरंककाकांचे सदतीस

आमच्या कार्यालयात त्यांना खरं नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकाला ठाऊक. बाकी सगळे त्यांना निरंककाका म्हणत. कळवण्यासारखं काही नसलं की सरकारी कागदावर ‘निरंक’ लिहितात, आणि काका तो शब्द इतक्या झोकात लिहीत की त्याचा शेपटा पुढच्या रकान्यात जाई. एकोणतीस वर्षं नोकरी, तीच खिडकी, खुर्चीवर तीच दबलेली उशी. मी शेजारच्या टेबलावर, संगणकात आकडे भरणारा. त्यामुळे पुढची सगळी भानगड मला फुकटात, पहिल्या रांगेतून पाहायला मिळाली.

वरचं सरकार दरवर्षी सगळ्या राज्य सरकारांना एक प्रश्नावली पाठवतं. अल्पवयीन मुलांनी दारू पिऊ नये म्हणून तुमचं राज्य काय करतं, असे बहात्तर प्रश्न. आमच्या राज्याच्या वतीनं ती काकांनी भरायची. त्यातला एक्केचाळिसावा प्रश्न असा, की गेल्या वर्षी राज्यात दारू पिणारी किती अल्पवयीन मुलं आढळली. काका अकरा खात्यांना पत्रं धाडत. दारूबंदीवाले दुकानांचे परवाने मोजत, पोलीस मारामाऱ्या मोजत, आरोग्यवाले खाटा आणि शिक्षणवाले हजेरी. मुलं कुणीच मोजत नव्हतं. ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ असं अकराही ठिकाणांहून नम्रपणे कळवलं जाई. बरं, रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढं सरकत नसे, आणि अक्षरं त्याला चालत नसत. म्हणून तीन वर्षं काकांनी तिथं शून्य भरायला लावलं. माहिती नाही म्हणजे निरंक, निरंक म्हणजे शून्य. यात काही खोटं आहे असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. माझ्याही नाही, उगीच कशाला नाकारू.

चौथ्या वर्षी त्या शून्याला पाय फुटले. समोरच्या इमारतीत दारूच्या नादी लागलेल्या अशा मुलांसाठी एक समुपदेशन केंद्र चाले. तिथल्या बाई एक पत्र घेऊन आल्या आणि त्यांनी ते काकांच्या टेबलावर ठेवलं. सलग तीन वर्षं एकही मूल न आढळलेलं एकमेव राज्य म्हणून वरून आपलं अभिनंदन आलं होतं. काका तेवढंच वाचून खुलले. पुढच्या परिच्छेदात लिहिलं होतं की समस्याच नसल्यामुळे सदर केंद्र पुढच्या महिन्यापासून बंद करण्यात यावं.

“काका, माझ्याकडे रोज मुलं येतात. तुमच्या कागदावर ती का नाहीत?” बाई म्हणाल्या.

“तुम्ही कधी कळवलंच नाहीत.”

“तुम्ही कधी विचारलंत?”

काकांनी फाईल उलटीपालटी केली. केंद्र नेमकं कुठल्या खात्याचं, हे पत्रं धाडायच्या खात्यांची यादी करणाऱ्याला ठरवता आलं नव्हतं, म्हणून त्यानं ते गाळलं होतं. यादीखाली सही काकांचीच.

नवी प्रश्नावली शुक्रवारपर्यंत द्यायची होती. केंद्र वाचायचं तर तो आकडा बदलायला हवा, आणि बदलला तर आधीची तीन शून्यं कुणी भरली हे विचारलं जाणार. साहेबांनी सल्ला दिला की आहे ते राहू द्या, आकडा हलला की प्रश्न येतात. घरी काकू म्हणाल्या, दोन वर्षं उरलीत, गुमान काढा. काकांनी मला तीनदा विचारलं, “मग नेमका आकडा किती रे?” जसा काही तो मी खिशात घेऊन हिंडत होतो.

गुरुवारी ते मला घेऊन समोर गेले. मोजायला. भिंतीलगतच्या बाकावर मुलं-मुली बसली होती. कुणी नखं खात होतं, कुणी वहीत गणित सोडवत होतं. काका पेन्सिल घेऊन बाकाच्या टोकाला टेकले. शेजारच्या मुलीनं त्यांना नीट न्याहाळलं. शाळेच्या कपड्यांत होती, पंधराची असेल नसेल.

“तुम्हाला पण सुटत नाही का?” तिनं आपुलकीनं विचारलं.

काका गडबडले. नाही म्हणाले, मग हो म्हणाले, मग मी सरकारी आहे म्हणाले. ती समजूतदारपणे सरकली आणि त्यांना जास्त जागा करून दिली. संध्याकाळपर्यंत केंद्राचं त्या आठवड्याचं रजिस्टर आणि बाक मिळून आकडा झाला सदतीस.

परत आल्यावर नवा घोळ. सदतीस हा एका केंद्रातल्या एका आठवड्याचा आकडा, रकाना सगळ्या राज्याच्या वर्षाचा. म्हणजे शून्य चूक आणि सदतीसही चूक. अखेर काका म्हणाले, “टाक सदतीस. ही चूक निदान मी डोळ्यांनी पाहिलीय.” सोबत हातानं पत्र लिहिलं: एवढी पाहिली, बाकीची मोजलेली नाहीत, आधीची तीन शून्यं म्हणजे मुलं नव्हती असं नाही, आम्ही मोजली नव्हती. खाली सही केली. साहेबांनी ते ‘पुढे पाठवले’ एवढाच शेरा मारून अंग काढून घेतलं.

महिन्याभरानं दोन पाकिटं आली. पहिल्यात केंद्राला वर्षभर मुदतवाढ होती. दुसरं काकांच्या नावावर: राज्यात अल्पवयीनांचं मद्यपान शून्यावरून सदतीसवर गेलं, या वाढीची कारणं आणि जबाबदार व्यक्ती आठ दिवसांत कळवावी.

काकांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

“माझं पत्र यांनी वाचलंच नाही का?”

मी म्हटलं, वाचलं असेल, पण त्याला रकाना नसेल.

त्यांनी पेन उघडलं. मग कारणांपुढं ‘मोजणी सुरू केली’ असं लिहिलं, आणि जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात, कुणी वापरत नसलेलं ते आपलं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. लिहून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, “बरोबर लिहिलंय ना रे?” मला खरंच सांगता येईना.