आभाळमास्तर आणि माई

आभाळमास्तर कशालाच भीत नसत. आमच्या गिरगावच्या चाळीत बाकी प्रत्येक जण कशाला ना कशाला घाबरून असे, कोणी घरमालकाला, कोणी साडेसातीला, कोणी गावाहून येणाऱ्या पाहुण्यांना. मास्तर शाळेत भूगोल शिकवत आणि शाळा सुटली की चाळीची भीती घालवत. त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमन वापरी.

मी लग्न होऊन त्यांच्या शेजारच्या खोलीत आले, त्याच सुमारास पेपरात एक बातमी आली. परदेशात कुठेतरी एक बाई घरात झोपली असताना छप्पर फोडून उल्का आली आणि तिला लागली. बाई वाचली. पण आमच्या बायकांनी पापड घालायला गच्चीवर जायचं सोडलं. ती बाई घरातच होती, हे कोणी लक्षात घेईना, आणि मीही त्यातलीच.

मास्तरांनी परात मागवली, तिच्यात खडूने एक टिंब काढलं आणि माझ्या हातात मोहरीचा दाणा दिला. "डोळे मिटून हा टाका, सूनबाई. टिंबावर पडला तर मी पापड खायचे सोडीन." सगळ्या बायकांनी टाकून पाहिलं. एकीचाही दाणा टिंबाजवळ गेला नाही. "पृथ्वी केवढी आणि माणूस केवढा!" मास्तर म्हणाले. "त्यातून तीन भाग पाणी. घाला पापड."

त्यांच्या बायकोला सगळे माई म्हणत. "ह्यांना आभाळातलं सगळं कळतं, घरातलं मीठ संपलेलं तेवढं कळत नाही," असं ती त्यांच्यासमोरच म्हणे, आणि मास्तर खुशीत हसत.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. खालून मोर्चे जात, अश्रुधूर सुटे, आणि गॅलऱ्यांतून बायका ओली फडकी न् चिरलेले कांदे खाली टाकत. माई त्यात सगळ्यांच्या पुढे. एका दुपारी नाक्यावर गोळीबाराचे आवाज यायला लागले, तशी मी तिचा पदर धरून तिला आत ओढलं. तिने मास्तरांकडे पाहिलं. "अहो, जाऊ ना?"

मास्तर वह्या तपासत होते. "गोळ्या तिकडे रस्त्यावर. तिसऱ्या मजल्यावर, एवढ्या गॅलऱ्यांतून नेमकी तुझ्यावर यायची म्हणजे ती उल्काच. जा." बोलण्यात बेफिकिरी नव्हती. आपल्या बायकोचा त्यांना अभिमान वाटत होता, तो मला स्पष्ट दिसला.

माईने त्यांचं जुनं धोतर फाडून भिजवलं होतं. ते टाकायला ती वाकली आणि गोळी कठड्याच्या लोखंडावर आपटून उडाली, ती तिच्या खांद्यात शिरली. माई जगली. उजवा हात मात्र कायमचा गेला.

भेटायला येणारे समजूत घालत. "हजारात एखाद्याच्या बाबतीत होतं असं, मास्तर." मास्तर ऐकून घेत आणि म्हणत, "खरं आहे. ती एक माझ्या घरात आहे."

पुढच्या उन्हाळ्यात पापड राखायला निघालेल्या खालच्या मजल्यावरच्या एका मुलीने त्यांना विचारलं, "गच्चीवर माझ्यावर उल्का पडेल का हो?" मी परातीकडे पाहिलं, पण त्यांनी ती मागितली नाही. "सहसा पडत नाही. पण पडणारच नाही, असं मी म्हणणार नाही. चल, मी येतो." आणि छत्री उघडून ते पापड वाळेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले. धीर देण्याची ही रीत मी त्यांच्याकडूनच उचलली.

माईचा अंबाडा आता तेच घालत. मी घालते म्हटलं तर देत नसत. सकाळी गॅलरीत, सगळ्यांच्या देखत, दातांत आकडे धरून ते तिचे केस विंचरत. पुरुषमाणसाने असं करावं, याला चाळ आधी हसली, मग तिला सवय झाली.

अशाच एका सकाळी त्यांचा हात थांबला. "अगं, एकदा तरी बोल मला. मी जा म्हणालो."

"काय बोलू?" माई म्हणाली. "खाली माणसं डोळे चोळत उभी होती. तुम्ही नको म्हटलं असतंत तरी मी गेलेच असते. तुम्हाला विचारलं ते आपलं नवरा म्हणून."

मास्तरांनी तिच्या मानेवर कपाळ टेकलं आणि ते हमसून रडले. आमच्या चाळीत दिवसा दार लावलं की लोक आजारी आहात का म्हणून विचारत. त्या सकाळी मात्र एकेका खोलीचं दार हळूच लोटलं गेलं. मीही माझं लोटून घेतलं.