पहिली गोधडी उसवली त्याची गोष्ट

गोधडी मला कुणी शिकवली नाही. लग्न होऊन खडकीच्या क्वार्टर्समध्ये आले, तेव्हा पहिल्याच थंडीत सासूबाईंच्या गोधडीचा कोपरा फाटला. शिवायला म्हणून बसले आणि उसवतच गेले. आत कुठला थर कसा घातलाय ते बघायचं होतं ना. सासूबाई म्हणाल्या, "झालं बघून? आता आज पांघरायला काय घेऊ, तुझी हुशारी?"

ती परत शिवून दिली आणि लगोलग स्वतःची एक केली. आत आईची जुनेरं, वर चादरींचे तुकडे. हौस इतकी, की प्रत्येक टाका करकचून ओढला. गोधडी आकसून बसली. आमचे हे कारखान्यातून आले, अंगावर घेऊन बघितली आणि म्हणाले, "छाती झाकू की पाय, एक काय ते सांग."

ती गेली ट्रंकेच्या तळाला. पुढच्या मात्र एकीलाही कुणी नावं ठेवली नाहीत. थर अंथरायचे, हाताने सुरकुती काढायची, मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायचं आणि काठापासून आत आत धावदोरा घालत यायचं. आता गुडघे खाली बसू देत नाहीत म्हणून डायनिंग टेबलावर करते. हात अजून स्थिर आहे, मी सांगते म्हणजे आहेच. आमच्या घरात जन्मलेलं प्रत्येक बाळ माझ्याच गोधडीवर लोळलंय.

यंदा नातीचे दिवस भरत आले. ती खराडीत राहते, नोकरीही तिथेच; बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. आमच्यात बारशापर्यंत बाळाला नवं कापड लावत नाहीत; वापरून मऊ झालेलं सुतीच हवं. तर घरात सुती जुनेर सापडेना. सुनेचं कपाट उघडलं, सगळं जॉर्जेट. नातीचे कुर्ते दिसायला सुती, हाताला प्लास्टिक. माझ्या साड्या केव्हाच गोधड्यांत गेल्या, आणि गोधड्या लोकांकडे.

नात म्हणाली, "आजी, मी ऑनलाइन कॉटन मागवते. धुऊन धुऊन जुनं करू."

"धुऊन स्वच्छ होतं गं. जुनं व्हायला कुणीतरी नेसावं लागतं."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्याच बाळाला नाही?"

मी उठले आणि ट्रंक उघडली.

"ती नको आजी. ती तुझी पहिली आहे ना?"

"मग काय देव्हाऱ्यात ठेवू?"

बोलले खरी, पण पहिल्या टाक्याशी ब्लेड धरलेला हात जरा थांबलाच. मी ओढलेले टाके ते, सहज कसले सुटतायत. वरचे तुकडे पार विटले होते. ते बाजूला केले, तर आत आईचं हिरवं लुगडं. इतक्या वर्षांत त्याला ऊन लागलेलं नाही, रंग तसाच. हाताला मात्र दुधाच्या सायीसारखं. नातीने ते उचलून गालाला लावलं.

त्याचीच लहान गोधडी केली. एक ओळ नातीने घातली.

"दोरा ओढू नकोस. नुसता बसव."

"तू ओढला होतास की."

"म्हणून तर सांगतेय."

तिने तरी ओढलाच. तेवढी ओळ जरा चुणली आहे. मी उसवली नाही.

बाळ घरी आलं, गोधडीवर ठेवलं आणि त्याने लगेच ती ओली केली. नात रडवेली झाली. "सॉरी आजी, तुझ्या आईचं लुगडं…"

"अगं, माझ्या आईने पोरांचं काय कमी धुतलंय? वाळत घाल जा."

आता खराडीला गेले, की सोसायटीच्या फाटकातच मान वर करते. एवढ्या गॅलऱ्या, सगळीकडे कपडेच कपडे, पण आमची गोधडी लगेच सापडते. हिरवी दिसली, की लिफ्टकडे जाते.