ट्रॅक्टरला पाजलेलं तांब्याभर पाणी

आमच्या गावात ज्यांच्या दावणीला बैल उरले नाहीत, ते पोळ्याला ट्रॅक्टर पूजतात, आणि यात हसण्यासारखं कुणालाच काही वाटत नाही. बैल विकून चार वर्षं झाली, तरी माझे वडील, म्हणजे अण्णा, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदमळणी चुकवत नाहीत. बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' म्हणायचं, ते सगळं आता ट्रॅक्टरला!

मी लातुरात क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. (बेडकाचं हृदय डोळे झाकून दाखवीन.) यंदा पोळ्याला निलंग्याजवळच्या आमच्या गावी गेलो, तर अण्णांची कंबर धरलेली. त्यामुळे खांदमळणीचा मान माझ्याकडे आला. मी हौसेनं बॉनेटला हळद लावायला घेतली.

"आरं, त्यो खांदा हाय का? जू कुठं येतंय? मागं हुकाला लाव!" अण्णा बाजेवरून ओरडले. "आन् पाणी बी पाज. रोज पाणी बघा म्हणून अशोकनं सांगितलंय."

अशोक म्हणजे माझा मेव्हणा, माझ्या बायकोचा, सुनंदाचा, धाकटा भाऊ. किल्लारीला त्याचं गॅरेज आहे. आठच दिवसांपूर्वी त्यानं आमच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचं हेड खोलून नवं गॅस्केट, म्हणजे पाणी ऑइलात जाऊ न देणारी चकती, टाकून दिलं होतं. मी बॉनेट उघडलं, झाकण फिरवलं आणि तांब्याभर पाणी पाजलं. वर दोन पावलं मागे सरून नमस्कारही केला!

दुसऱ्या दिवशी सकाळी फुगे, झिरमिळ्या, बेगड लावून ट्रॅक्टर मारुतीच्या पारापुढे नेला. तिथे वीसेक ट्रॅक्टर आधीच नटून उभे होते. शेजारचे व्यंकटआबा जन्मभर ट्रक चालवलेले. दुसऱ्याचं इंजिन दिसलं की त्यांच्या हाताला चैन पडत नाही. त्यांनी ऑइल तपासायची पट्टी उपसली आणि माझ्या नाकापुढे धरली.

"सर, ह्ये ऑइल हाय का बासुंदी?"

पट्टीवर काळ्या ऑइलाऐवजी दुधाळ, पांढरट काला!

"ऑइलात पाणी गेलंय. हेडचं काम कुणी केलतं?"

झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथूनच अशोकला फोन लावला.

"अशोक, गॅस्केट बसवलंस का पापड? येत नसेल तर सांगायचं! घरच्याच माणसावर हात साफ करतोस होय?"

(स्पीकर चालू होता. तो मीच चालू केला होता, चारचौघांत आपला वचक दिसावा म्हणून.)

पलीकडून अशोक एवढंच म्हणाला, "इंजिन बंद ठेवा, दाजी. आलोच."

आम्ही ट्रॅक्टर ढकलत घरी आणला. त्याच्या आधी बातमी स्वयंपाकघरात पोचली होती.

"माझ्या भावाच्या कामाला आजवर कुणी नाव ठिवलं न्हाई," सुनंदा म्हणाली, "आन् तुमी सणासुदीचं मारुतीपुढं त्याची अब्रू काढलाव!"

एवढं बोलून तिनं पाठ फिरवली ती फिरवलीच. घरभर पुरणाचा वास, अण्णांच्या ताटात तीन पोळ्या, आणि माझ्यापुढे ताटच नाही!

अशोक आला. रागावला असता तर बरं झालं असतं, पण त्याचा चेहरा पडलेला होता. त्यानं बहिणीकडे तवा मागितला. तिनं तो लगेच दिला. (मला पोळी मिळेना, ऑइलला तवा मिळाला!) तापल्या तव्यावर त्यानं ऑइलचे दोन थेंब टाकले. ते तडतड उडाले.

"पाणीच हाय," तो म्हणाला. मग रेडिएटरचं झाकण काढून आत वाकला. "पण दाजी, गॅस्केट गेलं असतं तर हितलं पाणी कमी झालं असतं. ह्ये तर तोंडापातुर भरलंय."

मी याच क्षणाची वाट बघत होतो. अंगणात जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "कमी कसं दिसेल? काल मी स्वतः तांब्याभर ओतलंय!"

अशोकनं हळूच मान वर केली. "कुठून ओतलाव?"

"कुठून म्हणजे? इथून!" मी इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर ठामपणे बोट ठेवलं.

बाजेवर अण्णांनी कपाळाला हात लावला.

"दाजी," अशोक म्हणाला, "ह्ये ऑइल वतायचं झाकण हाय."

सगळं ऑइल काढून, फिल्टर बदलून, नवं ऑइल भरेपर्यंत दुपार कलली. मी शंभरदा चुकलो म्हणालो. पण अशोकचं एकच म्हणणं होतं. "जिथं बोललाव, तिथंच सांगा. माझं समदं गिऱ्हाईक त्याच पारावर बसतंय."

खरं होतं त्याचं. मला फार लाज वाटली. संध्याकाळी मिरवणुकीला सगळं गाव जमल्यावर मी पारावर चढलो आणि गॅस्केट चोख आहे, पाणी मी पाजलं, कुठून पाजलं, सगळं सांगून टाकलं. गाव पोट धरून हसलं.

"सर, तुमी क्लासात काय शिकवताव?" व्यंकटआबांनी विचारलं.

"जीवशास्त्र."

"मग बरूबर हाय. जिवाला पाणी लागतंच की!"

"हसू नगा वो आबा," अशोक म्हणाला. त्याचा चेहरा आता कुठे खुलला होता. "असलं गिऱ्हाईक घरात असावं म्हणून तर दाजीला बहीण दिलीय!"

मग जे हसू उसळलं, त्यात सगळ्यात मोठा आवाज बायकांच्या घोळक्यातून आला. बघतो तर सुनंदा! तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत ती शेजारणीला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, "हाव, ह्येच आमचे!"

अख्ख्या दिवसात तिनं मला आपलं म्हटलं, ते एवढंच!