नात्याबाहेरची यकृतका

यकृतका बहुतेकांनी पाहिलेली असते आणि शेवाळ समजून सोडून दिलेली असते. ओल्या दगडाला चिकटलेली हिरवी, चपटी, टोकाशी दुभंगलेली, चकतीसारखी वनस्पती. लासलगावला शाळेत असताना मीही तिला शेवाळच म्हणायचे. नाशिकच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी ती भिंगाखाली दाखवली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, पुढे पीएच.डी.ला त्यांनीच मला घेतलं. ते ऋण आजही आहे.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. वनस्पतींची नाती आता डीएनएवरून जुळवायची होती. प्रत्येक वनस्पतीतला ठरावीक जनुक घ्यायचं, त्याची अक्षरं वाचून आणायची, एकाखाली एक मांडायची. जितकी जुळतील तितकं नातं जवळचं. त्यावरून संगणक वंशवृक्ष काढायचा. माझा वृक्ष नीट आला, एक फांदी सोडून. इगतपुरीजवळच्या विहिरीतली एक यकृतका आपलं कूळ सोडून भलतीकडेच जाऊन बसली होती. आणि तिला त्या कुळात घातलं होतं मॅडमनीच, त्यांच्या तरुणपणीच्या शोधनिबंधात.

"भेसळ आहे," मॅडम म्हणाल्या. "शेजारच्या कुणाचा तरी डीएनए आलाय. स्वच्छ नमुना आण. नाही जमलं तर ती वगळ."

वगळली तर माझ्या प्रबंधात नवं असं काही उरत नव्हतं. पाऊस सरत आला होता आणि ऊन लागलं की यकृतका आक्रसून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी एसटी धरली.

विहिरीजवळ पोचले तर खराट्यांचा आवाज. बायका पायऱ्या आणि भिंत घासत होत्या. मी आधी नमुना घेतला होता ती जागा खरवडून पांढरी झाली होती. फक्त एका कपारीखाली, सहज हात न पोचणाऱ्या जागी, थोडं हिरवं दिसत होतं. एक आजी नेमकी तिकडेच खुरपं घेऊन निघाली होती.

"आजी, तेवढं राहू द्या ना."

"का गं? शेवाळाचं लोणचं घालती का?"

"शेवाळ नाही ते. तपासायचंय मला."

"ह्याच्यावरून घसरून सुनेचा हात मोडला माझ्या. तो तपासायला नाय आलं कोणी."

बायका हसल्या. आजीनं मला खालवर न्याहाळलं.

"घे मग, पण झटकन. मी पाय धरते. लय वाकू नको, तुला काढायला गाव बोलवावं लागंल."

मी दगडावर पालथी पडले. खाली काळं पाणी, घोट्यांवर आजीची पकड. चिमट्यानं अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा सुटला.

प्रयोगशाळेत तो भिंगाखाली ठेवून सुईनं त्याला चिकटलेल्या शेवाळाचा एकेक धागा काढला. सुई जरा सरकली तर तुकडाच फाटणार होता. दुसरा मिळणार नव्हता. मग तुकडा कुटून बारीक केला, त्यातला डीएनए काढला आणि नळी बर्फात घालून बाहेरगावच्या कंपनीकडे धाडली. तिथं अक्षरं वाचून ईमेलनं पाठवत.

कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत रोज जात होते. ईमेल आली तेव्हा छापील कागद घेऊन मी थेट मॅडमकडे गेले. एकटीनं जुळवून बघायचा धीर झाला नाही.

मॅडमनी आधीच्या नमुन्याचा जुना कागद आणि हा नवा वर-खाली ठेवला, पट्टी लावली आणि वाचू लागल्या. मी उभीच. पट्टी सरकत होती. एका ठिकाणी थांबली. त्यांनी अक्षरांसोबत छापून आलेल्या आलेखाची शिखरं पुन्हा पाहिली. पट्टी पुढे गेली. ओळ संपली, दुसरी संपली. एकही अक्षर वेगळं नव्हतं.

मला आनंद होत होता आणि त्याची भीतीही वाटत होती.

"भेसळ नाही," पट्टी बाजूला ठेवत त्या म्हणाल्या. "मी नुसत्या रूपावर गेले होते. कूळ माझंच चुकलं."

"मॅडम, ते प्रबंधात जरा सौम्य शब्दांत..."

"कशाला? आधीचं वर्गीकरण कोणाचं होतं ते नावानिशी लिही. आणि बस आता, किती वेळ उभी राहशील?"