सोमवार ते शुक्रवारची गर्दी

इंटरनेटवर वेबसाइटी विकणारे आम्ही लोक स्वतःला उद्योजक म्हणवून घ्यायचो. पाणी घालणारा दूधवालासुद्धा आमच्यापेक्षा बरा. त्याच्याकडे थोडं तरी दूध असतं.

माझी साइट दिल्लीतल्या मराठी वधू-वरांची होती, आणि तिच्याकडे कुणी फिरकत नसे. म्हणून मी नोएडातल्या आमच्या ऑफिसच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर तीच होमपेज करून ठेवली. कुणीही इंटरनेट उघडलं, की भेट देणाऱ्यांचा आकडा वाढायचा. तो आकडा दाखवून मी ती साइट दिल्लीतल्याच लक्ष्मीबाई नगरातल्या, निवृत्तीला आलेल्या एका काकांना विकली. त्यांना पुढची वर्षं त्यातच घालवायची होती. त्यांनी काहीही तपासलं नाही. "आपल्या माणसाकडून घेतोय, चौकशी कसली करायची?" म्हणाले. काकूंनी पोहे केले होते. मी ते दोनदा मागून खाल्ले.

महिन्याभराने काकांचा फोन आला. "अरे, शनिवार-रविवारी एकही माणूस येत नाही साइटवर!"

"सुट्टीत लोक फिरायला जातात, काका."

"अच्छा, तेही खरंच."

पुढे ऑफिसने कॉम्प्युटर बदलले आणि आकडा शून्यावर आला. काकांनी विचारलं, "माझंच काही चुकलं का रे?"

तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "रंग बदलून बघा, जरा उठावदार घ्या."

त्यांनी तो तीनदा बदलला. दर वेळी फोन करून विचारायचे, "आता कशी दिसते?" आणि मी साइट न उघडताच सांगायचो, "छान."