बाणाप्रमाणे कर

बापट सरांनी मला पहिल्यांदा हाक मारली तेव्हा माझ्या हातात केरसुणी होती. ती खाली ठेवायला निघाले तर म्हणाले, "असू दे मावशी, तशाच आत या." आर्किटेक्ट घडवायच्या त्या कॉलेजात मी झाडलोटीला लागून चार दिवस झाले होते. वर्गात मुलांची परीक्षा चालली होती, तिला ते ज्युरी म्हणतात. भिंतीवर मोठाले कागद, टेबलावर पुठ्ठ्याचं घर, आणि शेजारी ते घर काढणारी मुलगी. सरांनी मला कागदासमोर उभं केलं आणि विचारलं, "समजा हे घर तुमचं आहे. तर ही केरसुणी कुठं ठेवाल?"

मी नीट बघितलं. सगळ्या भिंती काचेच्या. मधोमध एक झाड. घरात गोरी माणसं फिरताना दाखवलेली, त्यांच्यासोबत एक गोरं कुत्रं. मला जे दिसलं ते मी सांगितलं. "जागाच न्हाय. झाडाला टांगू काय?" वर्ग हसला आणि मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सर तिला म्हणाले, घर परत काढ. मी बाहेर येऊन जिन्यात बसले. चौथी शिकलेल्या बाईच्या एका वाक्यावर असल्या शिकलेल्या मुलीची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात जाते, हे माझ्या डोक्यात शिरेना. नोकरी गेली असंच मला वाटलं होतं.

नोकरी गेली नाही. उलट प्रत्येक ज्युरीला मला बोलावणं येऊ लागलं. सर उंच, हडकुळे, कायम अर्ध्या बाहीच्या पांढऱ्या शर्टात. कॉलेजातले बाकीचे मास्तर इंग्रजीत बोलायचे, सर मराठीत बोलायचे आणि मुलांचं इंग्रजी ऐकून घ्यायचे. एखादा मुलगा दहा मिनिटं बोलला की ते म्हणायचे, "छान. आता हेच मावशींना सांग." मग मुलगा गप्प. पापड कुठं वाळवायचे, म्हातारं माणूस न्हाणीत कशाला धरून उठणार, पाहुणे बसलेले असताना घरातल्या बाईनं परसाकडं कुठून जायचं, असं ते विचारायचे. मुलं त्यांना घाबरायची. एक वाक्य तर त्यांचं ठरलेलं होतं, "तुम्ही मारलेली रेघ कुणीतरी बांधणार आहे, कुणीतरी तिला धडकणार आहे." सर गेले त्याला आता वर्ष झालं. त्यांचे विद्यार्थी अजून हे वाक्य म्हणतात. म्हणताना हसतात. मी हसत नाही.

आमचे मालक गुळाच्या पेठेत हमाली करायचे. एक दिवस पाठीवर गुळाचा रवा, म्हणजे ढेप, असतानाच डावं अंग लुळं पडलं. दवाखान्यातून चाकाच्या खुर्चीवर घरी आले. घर म्हणजे कळंब्याच्या पलीकडं दोन गुंठ्यांत पत्र्याचं शेड. लेक म्हणाला, आता दोन पक्क्या खोल्या बांधू, आबांची खुर्ची फिरली पाहिजे. मी कॉलेजात सहज बोलले, तर सर म्हणाले, "नकाशा मी काढतो." मला केवढा तरी अभिमान वाटला. केरसुणीची जागा विचारणारा माणूस माझं घर काढणार.

त्यांनी मला समोर बसवून तासभर प्रश्न विचारले. मी म्हणाले, बाकी काही असो नसो, पुढं सोपा पाहिजे, मालकांना रस्ता बघत बसता येईल. सोपा म्हणजे आमच्याकडं घराच्या पुढची, वर छप्पर असलेली उघडी बसायची जागा. सरांनी सोपा काढला. पण दाराला उंबरा काढला नाही. मी म्हणाले, बिनउंबऱ्याचं घर मी बघितलेलं नाही. ते म्हणाले, "उंबऱ्याला खुर्ची अडेल, मावशी. सोप्याची जमीनच दारापर्यंत हळूहळू चढत नेऊ. खुर्ची सरळ आत जाईल आणि पावसाचं पाणी सरळ बाहेर." मला ते पटलं. अजूनही पटतं.

पाया खणायच्या दिवशी सर आले. बाळू गवंडी आमच्या गल्लीतला, तीस वर्षं थापी-करणी हातात धरलेला. त्यानं खड्ड्यात उतरून विचारलं, खाली काळी माती लागली आहे, अजून किती खोल जाऊ? सरांनी मातीकडं बघितलं. मग बाळूकडं बघितलं. म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

बाळूला गंमत वाटली. "मला काय इचारताय, सर. तुमच्या दुसऱ्या घरांस्नी किती खोल गेलतासा?"

"दुसरं घर नाही, बाळू. मी आजवर एकही घर बांधलेलं नाही."

खड्ड्याच्या काठावर मी नारळ घेऊन उभी होते. तो फोडायचा आहे हेच मी विसरले. अठ्ठावीस वर्षं हा माणूस पोरांना घरं शिकवत होता, रडवत होता, नापास करत होता, आणि स्वतः एक भिंत उभी केली नव्हती? मी तोंडावर विचारलं, असं कसं? त्यांनी सरळ उत्तर दिलं. शिकले, लगेच शिकवायला लागले, ते राहूनच गेलं. पुढं पुढं भीती वाटायला लागली. आम्हाला पण भीती वाटायला लागली. पण खड्डा खणून झाला होता, आणि बाळूला खोली कळत होती.

काम चाललं. सरांनी दिलेला कागद बाळूनं खिळ्याला अडकवला होता. त्यात सोप्यावर एक बाण होता, अंगणाकडून दाराकडं. बाणाशेजारी इंग्रजीत दोन अक्षरं, यू आणि पी. बाळूला इंग्रजी येत नाही, पण फरशीची खोकी वाचून वाचून सुटी अक्षरं त्याला लागतात. शहाबादची फरशी शहाबादी, कोट्याची ती कोटा, कडप्प्याची ती कडप्पा. तेव्हा सरांना सोप्याला यूपीची फरशी पाहिजे, असं तो समजला. शाहूपुरीत दोन दुकानं फिरला. दुकानदार म्हणाले, असली फरशी नसते. मग त्यानं सरांना फोन लावला.

तेव्हा ज्युरी चालली होती आणि मी वर्गातच होते. सर फोनवर बोलले ते मी कानांनी ऐकलं. पलीकडचं बाळूनं मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, यूपीची मिळत न्हाय, कोटा घालू का? सर म्हणाले, हो, हो, कोटा घाल. तो म्हणाला, आन उतार बाणाकडंच द्यायचा न्हवं? मला जरा शंका वाटतीय. सरांच्या समोर एक मुलगा ताटकळत उभा होता. सर म्हणाले, "बाण दाखवलाय ना? मग बाणाप्रमाणे कर." आणि फोन ठेवला.

राहायला गेलो त्याच्या तिसऱ्या दिवशी मी सोपा धुवायला काढला. आत मालक भिंतीला धरून पावलं टाकत होते. डॉक्टरांनी रोज दहा पावलं सांगितली होती, ते हट्टानं बारा टाकायचे. मी बादली ओतली. पाणी अंगणाकडं जाईना. मी बघत राहिले. पाणी उलटं फिरलं आणि कुणी हाक मारल्यासारखं दारातनं सरळ आत गेलं. दुसरी बादलीही मी ओतली होती, म्हणजे ओतता ओतता हात थांबला नाही. आतून आवाज आला. गुळाचा रवा पडतो तसा. मालकांचा खुबा मोडला.

सर दुसऱ्या दिवशी घरी आले. मला वाटलं, आधी दवाखान्यात मालकांचं कसं आहे ते विचारतील. त्यांनी तांब्या मागितला, सोप्यावर पाणी ओतलं, ते आत जाताना बघितलं. मग खिळ्यावरचा कागद काढून बघितला. त्यांचा चेहरा एकदम हलका झाला.

"ड्रॉइंग बरोबर आहे," ते म्हणाले.

मला ऐकू आलं ते खरं वाटेना. घरात माणूस पडला होता आणि हा माणूस सुटल्यासारखा बोलत होता. बाळूही तिथं आला होता. त्यांनी त्याला समजावलं, चढावर बाण काढला की तो वरच्या दिशेला असतो, यूपी नव्हे अप, म्हणजे वर. जगात सगळीकडं असंच काढतात.

बाळू म्हणाला, "तुमच्या जगात असंल, सर. आमच्यात पाणी जातं तिकडं बाण. गच्चीचा बाण बघा, न्हाणीचा बघा."

"गच्चीचं वेगळं असतं."

मी म्हणाले, "आन मालक पडलं ते कुठल्या जगात, तेवढं सांगा."

ते चपला घालून निघाले. कागद मात्र घेऊन गेले.

पुढं कॉलेजात मी वेगळंच ऐकलं. मास्तरांच्या खोलीत मी फरशी पुसत होते आणि ते माझ्या डोक्यावर बोलत होते. नकाशा नियमाप्रमाणे आहे, गवंडी अडाणी, बापटांचा यात काय दोष. सर खिडकीजवळ बसले होते. ते 'नाही' म्हणाले नाहीत. ही गोष्ट गावात पसरली. कॉलेजच्या सरांचा नकाशा बाळूनं उलटा बांधला, हमालाचं कंबरडं मोडलं. बाळूच्या हातची दोन कामं गेली. त्याची बायको माझ्या दारात येऊन म्हणाली, आक्का, फोन करून इचारलंतं की त्येनं. मी म्हणाले, माझ्या कानांनी ऐकलंय. पण माझं कोण ऐकणार? मी सरांच्या वर्गात पाऊल टाकायचं बंद केलं. बाहेरचा पॅसेज झाडायचा आणि निघायचं. ज्युरीला त्यांनी दोनदा बोलावलं, मी गेले नाही.

तिसऱ्यांदा ते स्वतः पॅसेजमध्ये आले. "आज तुम्हाला काही विचारणार नाही," म्हणाले. "फक्त दारात उभ्या राहा."

वर्गात चाळीस पोरं. भिंतीवर एकच कागद, माझ्या घराचा. त्याच्यासमोर इस्त्रीचा शर्ट घालून बाळू, हात कुठं ठेवायचे ते न कळून पाठीमागं धरलेले. सरांनी त्याला विचारलं, पाणी कुठं जाईल? त्यानं दाराकडं बोट केलं. पोरं हसली. यूपीची फरशी सांगितल्यावर तर बाकं वाजवायला लागली. मला वाटलं, आता सर ह्याला सगळ्यांदेखत उघडा पाडणार. ह्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून यायला सांगितलं?

सर हसू थांबेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "हा कागद माझा आहे. बाळूला शंका आली होती, त्यानं मला फोन केला. मी इथं, ह्याच जागी उभा होतो. कागद बघितला नाही, जागा बघायला गेलो नाही. बाणाप्रमाणे कर म्हणालो. त्यानं केलं. एक माणूस पडला, तो आता उठणार नाही. मग मी तिथं गेलो आणि कागद बरोबर आहे म्हणून मला आनंद झाला. हे मी महिनाभर कुणाला सांगितलं नाही."

एक धीट मुलगा उठला. म्हणाला, पण सर, नियमाप्रमाणे बाण बरोबरच आहे.

"आहे की," सर म्हणाले. "तू राहणार कुठं? नियमात का घरात?"

माझं काळीज विरघळलं वगैरे काही नाही. बाळूनं घाम पुसला. मी उरलेला पॅसेज झाडला. पण शहरातल्या एवढ्या मोठ्या माणसानं आपल्या हातानं आपली पगडी उतरवून पोरांपुढं ठेवलेली मी त्याआधी बघितली नव्हती, नंतरही नाही. मास्तरांच्या खोलीत त्यांच्याशी कितीतरी दिवस कुणी धड बोललं नाही.

रविवारी ते टिकाव घेऊन आमच्या दारात हजर. बाळू म्हणाला, सर, बाजूला व्हा, पायावर मारून घेशीला. ते ऐकेनात. सोप्याची फरशी त्यांनी स्वतः उखडली. तळहाताला फोड आले. बाळूनं त्यांना ओळंबा आणि पातळी बघायची पाण्याची नळी धरायला शिकवलं, चुकले की रागवायचा, आणि ते "बरं बरं" म्हणून परत धरायचे. तीन रविवार लागले. त्यानंतर त्यांच्या वर्गात प्रत्येक बाणाशेजारी मराठीत 'चढ' नाहीतर 'उतार' लिहिलं जाऊ लागलं, आणि बाळूनं कागद वाचल्याशिवाय पोरं पास होईनात.

मालक अंथरुणातच होते. सर शेजारी येऊन बसायचे. मालकच त्यांना छेडायचे. "सर, तुमचं पयलंच गिऱ्हाईक मी. आन मलाच आडवं केलासा." सर मान खाली घालायचे. मालक म्हणायचे, "आवो, हसा की. मी हसतोय न्हवं." नव्यानं केलेल्या सोप्यावरून खुर्ची एकदाही आत-बाहेर झाली नाही. अकरा महिन्यांनी मालक गेले.

सोप्यावरच त्यांना अंघोळ घातली. हंड्यामागून हंडे ओतले. सर गर्दीच्या कडेला उभे होते, अनवाणी. सगळे मालकांकडं बघत होते, सर पाण्याकडं. पाणी अंगणात गेलं, तिथून रस्त्याकडं. आत थेंब आला नाही. मी ते बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं. मग ते पुढं आले आणि लेकाच्या शेजारी त्यांनी खांदा दिला.

फरशी ओली होती. मागच्या लोकांनी पाय उचलले तसे सर थांबले, मागं न वळता म्हणाले, "सावकाश. इथं उतार आहे."